होडीला सतरा

त्या साली मतपत्रिका नव्हतीच, वही होती.
चारशेच्या वर नावं, शिवून आणलेली,
आणि मत द्यायला आत गेलेली माणसं
परीक्षेला बसल्यासारखी बाहेरच येईनात.

बेळगुंदीतून आमचे बाबा एकटेच नव्हते उभे.
एक न्हावी होता, दोन गवंडी, बँड वाजवणारा पुंडलिक,
आणि आमचे धाकटे काका.
अनामत गावानं भरली, बुडणार हे धरूनच भरली.
मोजणाऱ्यांच्या बोटांना कड यावा
आणि दिल्लीनं एकदा तरी विचारावं,
अरे, बेळगावला झालंय काय?
एवढंच मागणं.

लुमाण्णा भरमा सुतार, सायकल दुरुस्ती.
त्यांनी सायकल मागितली, मिळाली होडी.
चिन्हं संपत आली होती म्हणे.
काकांच्या वाट्याला कंगवा आला,
आणि काकांना टक्कल.
समुद्र न बघितलेला माणूस
हँडलला कागदाची होडी बांधून
मार्कंडेयच्या काठानं पंधरा दिवस फिरला.
"काय करूलालास, लुमाण्णा?"
"निवडून येऊलालोय!"

मोजणी संपता संपेना.
मग एका रात्री कुणीतरी निकालाचा गठ्ठा आणला,
सगळा कन्नडमध्ये.
बाबांना कन्नड यायचं, पंक्चरपुरतं, भांडणापुरतं,
ओंदु, एरडु, मूरु, हिशेबात कधी फसले नाहीत,
खरं अक्षराशी ओळख नव्हती.
मी ते शाळेत सक्तीनं शिकत होते
आणि घरी येत नसल्याचं सोंग करत होते.
"वाच की," बाबा म्हणाले.
कंदिलाजवळ सगळे सरकले.
त्या गोल, गुबगुबीत अक्षरांत
मुरमुऱ्यांत खडा लागावा तसं
बाबांचं नाव माझ्या बोटाला लागलं.
हदिनेळु.
सतरा.

घरात मतं अकरा, त्यात उमेदवार दोन.
आईनं कंगव्यावर शिक्का मारला
असा बाबांना शेवटपर्यंत संशय.
विचारलं की ती भाकरी जोरात थापायची.
भावकी, शेजार, उधारीवरचे दोघे,
असं करत त्यांनी पहाटेपर्यंत सोळा जुळवले.

रकाने तालुक्यांचे होते.
आमच्याकडचे सोळा.
गोकाकला काही नाही, बैलहोंगलला काही नाही,
सौंदत्तीला
एक.

सौंदत्तीत आमचं कुत्रंसुद्धा नाही.
"शिक्का घसरला असणार," काका म्हणाले,
त्यांना एकूण नऊ होती.
"यल्लम्मानं टाकलंय," आई म्हणाली,
"मलप्रभा भरली की तिला होडी लागतीच की."

दिल्लीनं काही विचारलं नाही.
ते सोळाजण बाबांनी कधी काढले नाहीत पुन्हा.
खरं चाक पाण्यात बुडवून बुडबुडा शोधताना
अनोळखी गिऱ्हाइकाला विचारायचे, यावूर?
सौंदत्ती म्हटलं की पंक्चर फुकट.
हे कळल्यावर बरेच जण सौंदत्तीचे झाले.
बाबांना तेही कळत होतं.

आता यंत्र आहे. एक बटण, एक शिट्टी,
दुपारी निकाल लोकांच्या खिशात.
मी कन्नड शाळेत शिकवते,
यंदा ड्युटी लागली ती सौंदत्तीच्या पलीकडे,
जिथं वर्गाच्या भिंतीवर
नेमकी होडी रंगवलेली, 'अ' 'आ'च्या खाली कुठंतरी.
शाई लावायची बाटली माझ्याकडे.
सत्तरीच्या पुढचं बोट आलं
की मी ते जरा जास्त वेळ धरून ठेवते.
नांगरानं, विळ्यानं, विडी वळून
वाकलेलं बोट, काहीच सांगत नाही.
मागचा माणूस ओरडतो,
लगू माड्री, मेडम, लगू.